खडकवासल्याच्या बॅकवॉटरला मैल्याचा टँकर रिकामा करतायत, तक्रार नेमकी कुणाकडे करायची?

सिंहगडरोडवाला

मंडळी जरा मदत पाहिजे. गेल्या रविवारी सकाळी पानशेत रोडला गेलो होतो बाईकवर, नेहमीचंच, भजी खायची आणि परत यायचं. एका वळणावर थांबलो तर खाली ओढ्याच्या कडेला टँकर उभा, ते सेप्टिक टँक उपसायला येतात ना तसला, मागचा जाड पाईप सरळ ओढ्यात सोडलेला आणि वास असा की हेल्मेटची काच वर करवेना. तो ओढा पुढे दोनेकशे मीटरवर बॅकवॉटरला मिळतो. म्हणजे खडकवासल्यात, म्हणजे फिरून फिरून माझ्याच घरच्या नळात. ड्रायव्हरला हटकलं तर म्हणतो, "पावसाळ्यात सगळं वाहून जातंय की साहेब." अरे पण कुठं वाहून जातंय?? फोटो काढले पण गडबडीत नंबर प्लेट नीट आली नाही.

सोमवारी ऑफिसातून लपूनछपून चार फोन केले. पहिल्या ठिकाणी "धरण आमचं, ओढा आमचा नाही". दुसरीकडे "आम्ही पाणी फक्त उचलतो". तिसरीकडे "आधी हद्द बघावी लागेल". चौथ्या ठिकाणी रिंग वाजतच राहिली. ऑफिसांची नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल.

तर प्रश्न एवढाच, की पिण्याचं पाणी जिथून येतं तो तलाव आणि त्याच्या आजूबाजूचे डोंगर, ओढे, गावं, हे सगळं मिळून राखायची जबाबदारी असलेलं एखादं खातं किंवा प्राधिकरण आपल्याकडे आहे का? का प्रत्येकजण आपापला तुकडा सांभाळतो आणि मधल्या फटीतून टँकर जातो? जानेवारी २०२५ ला आमच्या बाजूला जीबीएसचा (गुलेन बॅरी, नसांचा आजार) जो प्रकार झाला तेव्हापासून सोसायटीत सगळे घरोघरी फिल्टर बसवून मोकळे झालेत, पण माझं समाधान होत नाही.

सांडवा

पाटबंधाऱ्यात ३१ वर्षं काढली, त्यातली काही याच धरणांच्या साखळीवर, म्हणून लिहितो. राग मानू नका, पण ज्या तिघांनी तुमचा फोन उचलला ते तिघेही खरंच बोलत होते. गोची नेमकी तिथेच आहे.

असं समजा की तुम्ही तलावात उभे आहात आणि तिथून वर डोंगराकडे चालत निघालात. पाणी, भिंत, सांडवा, दरवाजे हे जलसंपदा विभागाचं, महामंडळ म्हणाल तर कृष्णा खोरे. पाण्याच्या कडेनं वर आलात की पूर्ण संचय पातळीच्या (धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं तिथल्या) आसपास संपादनाच्या हद्दीचे दगड लागतील, सापडले तर, कारण बरेचसे आता कुणाच्या तरी कंपाउंडच्या आत गेलेत. दगडाच्या खालची जमीन सरकारची, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तीच गाळपेर म्हणून एकसाली भाड्यानं कसायला देतात, प्रकल्पग्रस्तांना आधी. त्या गाळपेरात टाकलेला युरिया आणि औषध पुढच्या पावसात कुठे जातं ते सांगायला नको. दगड ओलांडला की सात-बारा सुरू. तिथे सांडपाणी आणि कचरा ग्रामपंचायतीचा, बांधकामाची परवानगी २०१५ पासून पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), आणि जी गावं २०२१ ला शहरात घेतली तिथे हे सगळं महापालिकेचं. आणखी वर चढलात की वनखातं. पलीकडच्या काठाला एनडीए, म्हणजे संरक्षण खातं. घाण ही घाण आहे का हे ठरवायचं प्रदूषण मंडळानं. पाणी कुणाला किती आणि काय दरानं, ते २००५ च्या कायद्याखालचं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण. आणि जो पितो, म्हणजे पुणे शहर, त्याची हद्द बहुतेक पाणलोटाच्या कितीतरी आधी संपते.

आता हा फक्त खडकवासला झाला. त्याच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर. चौघांचं मिळून २९.१५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यात खडकवासल्याचे स्वतःचे जेमतेम १.९७. म्हणजे शहर ज्याला आपलं धरण म्हणतं ते खरं तर तीन मोठ्या धरणांचा माठ आहे, वरून सोडायचं आणि इथून उचलायचं. एवढ्या छोट्या साठ्यात थोडी घाणसुद्धा लगेच जाणवते, पानशेतला जे पचून जाईल ते इथे पचत नाही.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे नाही, असं एक प्राधिकरण नाही. हे धरण १८७९ चं, कॅप्टन फाईफच्या नावानं त्याला लेक फाईफ म्हणायचे, बांधलं ते शेतीला कालवा काढायला आणि पुण्या-लष्कराला पाणी द्यायला. तेव्हा वर भातखाचरं आणि रान, राखायचं कुणापासून हा प्रश्नच नव्हता. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ हेही गेलं, त्यानंतर आमच्या खात्यात जी भीती बसली ती भिंतीची बसली. आमच्या रजिस्टरला पातळी, आवक, विसर्ग, बाष्पीभवन सगळ्याला रकाना असायचा. पाण्याचा रंग लिहायला रकाना नव्हता.

कायदे मात्र भरपूर आहेत. १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम वाचा, त्यात कालव्याचं पाणी घाण करणं हा गुन्हा आहे आणि व्याख्येत कालवा म्हणजे जलाशयसुद्धा येतो, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. शिवाय १९७४ चा जलप्रदूषण कायदा, कलम २४, प्रवाहात घाण सोडायलाच बंदी. फक्त ओढ्यापाशी जाऊन हे कलम लावणार कोण, तो माणूस नाही.

पुणेरी_नळ

थोडक्यात सासू सात आणि सून एकच, ती पण माहेरी गेलेली 😄

बुडीतातला

मी वरच्या अंगाचा, वेल्ह्याकडचा (आता राजगड तालुका म्हणायचं). हा धागा कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकला म्हणून आलो. दादा तुमचा राग बरोबर आहे पण थोडं आमचं बी ऐका.

आमच्या आज्याचं भातखाचर पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बांध दिसतो, आजी जिवंत होती तोवर दरवर्षी बघायला जायची. जमीन गेली, पाणी शहराला गेलं, आणि आम्हाला एप्रिल-मे मधी टँकर लागायचा. आता तुम्ही म्हणता पाणी राखा. राखतो की, पण कशानं?

मी पाच वर्षं ग्रामपंचायतीला सदस्य होतो म्हणून सांगतो. गावात गटार योजना नाही. घराघरात संडास झाले स्वच्छ भारतमधी, चांगलं झालं, पण शोषखड्डा डोंगरउतारावर मुरूम लागला की मुरत नाही, भरतो, मग उपसायला गाडी बोलवायची. गाडीवाला पैसे घेतो आणि जातो. तो कुठं ओततो हे विचारायची हिंमत कुणाला, परत बोलवायचं असतं ना. जवळपास मैला नेऊन टाकायला केंद्र असतं तर गेला असता तो, एवढ्या लांब शहरात जाऊन यायचं डिझेल कोण देतंय त्याला. वित्त आयोगाचा निधी येतो, १५ व्या आयोगात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, पण आकडा माणशी येतो. हजार-बाराशे लोकवस्तीच्या गावाला त्यात गटाराचा प्लँट होत नाही. आणि शनिवार-रविवार त्याच गावात तेवढीच माणसं वरून येतात त्यांचं माणशी कोण धरतंय? रिसॉर्ट, फार्महाऊस, ॲग्रो टुरिझम, मालक बघा कुठले आहेत ते. नळपट्टी बी देत नाहीत धड.

आमच्या पिण्याच्या पाण्याचं म्हणाल तर जलसुरक्षक आहे, तो टाकीत टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकतो, पाण्यात क्लोरीन उरलंय का बघायची ओटी टेस्ट करतो, वर्षातून दोनदा आरोग्य खात्याची माणसं येऊन हिरवं-पिवळं-लाल कार्ड देतात. लाल कार्ड आलं की आमची बोंब होते. तलावाला मात्र कुणी कार्ड देत नाही.

सिंहगडरोडवाला

@बुडीतातला दादा हे मी खरंच कधी या बाजूनं बघितलं नव्हतं. माझा राग टँकरवर होता, गावावर नाही, पण लिहिताना तसं वाटलं असेल तर माफी. भजीचे कागद मी बाईकच्या डिकीत परत आणतो, एवढं तरी खरं सांगतो.

तानसा_लाईन

मुंबईकडची बाजू टाकतो, कारण आमच्याकडे अर्धं उत्तर आहे आणि अर्धा प्रश्न.

सात तलाव. त्यातले विहार (१८६०), तुळशी (१८७९), तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७) आणि मध्य वैतरणा (२०१४) हे महापालिकेच्या मालकीचे, अप्पर वैतरणा आणि भातसा राज्याचे. विहार आणि तुळशी नॅशनल पार्कच्या पोटात, तानसाभोवती अभयारण्य. साहेबांनी वर जे धरणातून डोंगराकडे चालत जायला सांगितलं ते तुळशीला करून बघा, वाटेत सात-बारा लागतच नाही, झाडं आणि बिबट्या. त्यामुळे आख्ख्या मुंबईत सगळ्यात सुखी पाणी तेच. पण विहार-तुळशी मिळून शहराच्या गरजेचे दोन-तीन टक्के. जवळपास निम्मं पाणी येतं भातसातून, आणि तिथे मालक राज्य सरकार.

राखलं नाही तर काय होतं ते बघायला लांब जायला नको, पवई बघा. १८९१ चा तलाव, बांधला प्यायलाच, आणि फार लवकर ते पाणी पिण्यालायक नाही म्हणून सोडून द्यावं लागलं. आता जलपर्णी, मगरी आणि फ्लॅटच्या जाहिरातीत लेक व्ह्यू. तुळशी भरला की विहारमध्ये येतो, विहारच्या खालच्या अंगाला पवई. एकाच डोंगराचं पाणी आहे हो, फरक एवढाच की एकाभोवती रान ठेवलं आणि दुसऱ्याभोवती वस्ती होऊ दिली.

आणि हो, बुडीतातल्या भावाचं शहापूर तालुक्यातही तंतोतंत तसंच. धरणं उशाला आणि मे महिन्यात पाड्यावर टँकर. ते मुंबईनं सोडवलंय असं म्हणायला मी धजावणार नाही.

जर्सीतली_आत्या

मी न्यू जर्सीत राहते, नदीपलीकडे न्यूयॉर्कला नोकरी, सुट्टीत कॅटस्किलच्या डोंगरात फिरायला जातो. तिथे अशोकन नावाचा तलाव आहे (आपल्या अशोकाशी काही संबंध नाही, तिथल्या मूळ लोकांचा शब्द आहे) आणि तो शहरापासून दीडशे-एक किलोमीटर लांब असूनही काठावर पाटी असते न्यूयॉर्क शहराची. मला आधी वाटलं चुकून लावली असेल 😀 मग वाचत गेले.

नव्वदच्या दशकात केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेनं सांगितलं की एक तर अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प बांधा, नाहीतर मूळ पाणीच इतकं स्वच्छ राखून दाखवा की गाळायची गरज पडणार नाही. शहरानं दुसरं निवडलं. पण गावं भडकली, कारण त्यांचीसुद्धा जमीन शंभर वर्षांपूर्वी अशीच तलावात गेली होती, घरं उठवली, स्मशानं हलवली, आणि आता परत शहरवाले येऊन आम्ही गोठा कुठे बांधायचा ते सांगणार? भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि १९९७ ला करार झाला. शहर, राज्य, केंद्र आणि वरची गावं, सगळ्यांच्या सह्या.

त्यातल्या दोन-तीन गोष्टी मला फार आवडल्या. शहर वर जमीन विकत घेतं पण बाजारभावानं आणि विकणारा राजी असेल तरच, सक्तीनं संपादन नाही. घेतलेल्या जमिनीचा कर शहर त्या गावांना भरतं. गावातल्या लोकांचे सेप्टिक टँक खराब झाले तर दुरुस्तीचा खर्च शहराच्या पैशातून, आणि ते वाटायला एक वेगळं महामंडळ, ज्याच्यावर स्थानिक लोकही बसतात. शेतकऱ्याला शेण-मूत ओढ्यापासून लांब ठेवायला कुंपण, टाकी, सल्ला, सगळं शहराच्या खर्चानं. वर पाणी खात्याचे स्वतःचे पोलीस गस्तीला. तलावात होडी न्यायची तर ती आधी वाफेनं धुऊन, टॅग लावून मगच, आणि पेट्रोलचं इंजिन चालत नाही.

नव्वद लाखांच्या वर लोक ते पाणी पितात आणि त्यातलं बहुतेक पाणी गाळणीतून जातच नाही, फक्त जंतू मारतात. एक जुनी क्रोटनची शाखा आहे ती मात्र गाळतात, तिच्या आजूबाजूला उपनगरं वाढली. म्हणजे तिथेही पवई झालीच थोडीशी. आणि वरच्या गावांत कुरकुर अजून असतेच, सगळं गोड आहे असं नाही.

सांडवा

आत्याबाई, सेप्टिक टँकचा मुद्दा लाख मोलाचा. आपल्याकडे हिशोब करा, शहरानं वरच्या गावातले खड्डे उपसायची गाडी स्वतः ठेवली, दिवस ठरवून फुकट फिरवली आणि मैला आपल्या शुद्धीकरण केंद्रात आणला तर खर्च किती येणार? पण ऑडिटवाला पहिला प्रश्न विचारेल, महापालिकेचा पैसा हद्दीबाहेर कसा खर्च केला? मी स्वतः असल्या शेऱ्यांची उत्तरं लिहून हात मोडून घेतलेत.

प्राधिकरण काढलं म्हणजे प्रश्न सुटतो असंही नाही. वरसगावच्या फुगवट्यावर लवासाला २००८ ला विशेष नियोजन प्राधिकरण दिलं होतंच की, पाण्याच्या काठावर, ऐन पाणलोटात. ते होतं शहर वसवायला. २०१७ ला ते काढून पीएमआरडीएकडे दिलं. तेव्हा प्राधिकरण म्हटलं की आधी विचारायचं, कशासाठी आणि त्यावर बसणार कोण. वरच्या गावचा सरपंच आणि खालचा पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर एका टेबलाला बसणार असतील तर मी उद्या फुकट काम करायला येतो.

भीमाकाठ

सोलापूरवरून नमस्कार. वाचून हसावं का रडावं कळेना.

पुणेकरांना एक टँकर दिसला तर एवढा मोठा धागा. आम्ही उजनीचं पाणी पितो. आख्ख्या पुण्याचं आणि पिंपरी-चिंचवडचं मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसला भीमेत येतं आणि तिथून आमच्या उजनीत. ११७ टीएमसीचं धरण, निम्म्याहून जास्त मृतसाठा (कालव्याच्या तोंडाच्या खालचं पाणी), उन्हाळ्यात पाणी मायनसमध्ये गेलं की जे उरतं ते हिरवंगार, शेवाळाची साय धरलेली. वारकरी चंद्रभागेत बुडी मारतो ती पण ह्याच पाण्यात. आणि हे पाणी सुद्धा नळाला रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, म्हणजे भरून ठेवायचं.

तुम्ही वेल्ह्याच्या माणसाला खाली आम्ही आहोत हो म्हणून सांगताय. तसंच तुमच्या खाली आम्ही आहोत. ते अमेरिकेतलं सेप्टिकचं ऐकून बरं वाटलं, पुण्यानं आम्हाला काय द्यायचं ते पण ठरवा मग.

पुणेरी_नळ

@भीमाकाठ यावर काही बोलायला तोंड नाही. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायची विहीर) शुद्ध केलेलं सांडपाणी बेबी कॅनॉलला सोडतात शेतीला, ठरलंय साडेसहा टीएमसी, पण बाकीचं नदीतून तुमच्याकडेच येतं हे खरंय.

सांडवा

आता कामाचं बोलू. सिंहगडरोडवाले, असं करा.

पुढच्या वेळी फोटोत तीन गोष्टी पाहिजेत, गाडीचा नंबर, पाईपचं तोंड आणि मागे ओळखू येईल अशी खूण, मोरी, पूल, किलोमीटरचा दगड काहीही. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. बाटलीत पाणी भरून नेऊ नका, म्हणजे न्या हवं तर, पण कोर्टात ते चालत नाही, कायद्यानं नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानंच घ्यावा लागतो, समोरच्याला नोटीस देऊन.

अर्ज एकच लिहा आणि तोच चार ठिकाणी द्या. प्रदूषण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, पाटबंधारे विभागाचे कार्यकारी अभियंता, गटविकास अधिकारी आणि महापालिकेचा पाणीपुरवठा. वर "प्रत माहितीसाठी" म्हणून जिल्हाधिकारी. प्रत्येकाला दिसलं पाहिजे की बाकीच्या तिघांकडेही हाच कागद आहे, मग हद्दीचं कारण सांगायला जड जातं. पाटबंधाऱ्याच्या अर्जात १९७६ चा अधिनियम, मंडळाच्या अर्जात कलम २४, ही नावं लिहाच. आणि पोच घ्या, शिक्क्याची. ऑनलाईन करायचं तर आपले सरकारवर पण करा, पण शिक्क्याची मजा वेगळी.

एक महिन्यानं माहिती अधिकारात विचारा, फक्त दोन प्रश्न. माझ्या अर्जावर काय केलं, आणि सदर ओढा कुणाच्या अखत्यारीत येतो. दुसऱ्या प्रश्नाचं लेखी उत्तर मिळालं तर फ्रेम करून ठेवा.

सिंहगडरोडवाला

अपडेट देतो, पाच आठवडे झाले.

चारही अर्ज दिले, पोच आहे. एका कार्यालयातून माणूस येऊन जागा बघून गेला, मला फोन करून बोलावलं पण, अर्धा दिवस रजा टाकून गेलो. तोवर ओढा कोरडा ठणठणीत, वास गेलेला, फक्त दगडांवर काळा थर. त्यांनी फोटो घेतले, पंचनाम्यासारखं काहीतरी लिहिलं, मी सही केली. दुसऱ्या कार्यालयाचं पत्र आलं की सदर बाब आपल्या अर्जात नमूद तिसऱ्या कार्यालयाशी संबंधित आहे. तिसऱ्याचं पत्र आलं नाही. माहिती अधिकाराचा अर्ज परवाच टाकलाय.

पण ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर आता दोन मोठे धोंडे आडवे टाकलेत, टँकर खाली जाऊ शकत नाही. कुणी टाकले विचारलं तर चहावाला म्हणाला गावातल्या पोरांनी.

बुडीतातला

धोंडे आम्हीच टाकले दादा, जेसीबी शेजारच्या गावचा होता, डिझेलपुरते पैसे घेतले त्यानं.

टँकर आता पुढच्या ओढ्याला जातोय. ह्या वेळी नंबर स्पष्ट आलाय, मेसेजमधी पाठवतो, अर्जाचा तुमचा नमुना पण द्या, ग्रामसभेत ठराव करून त्याच्यासोबत जोडतो.